डागरोस म्युझियमला द्यायच्या आधी

वेस्लेदाल,
२ जुलै

तीर्थरूप गुनवोरताईस,

धाकट्या तोरमोडचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत असं समज. गुडघे टेकले की उठवायला हाल्डिसला हाक मारावी लागते, आणि ती सध्या वॅफलचं पीठ भिजवतेय.) आम्ही सगळे खुशाल आहोत. मी खुशाल, हाल्डिस माझ्यापेक्षा खुशाल, आणि डागरोस आम्हा दोघांपेक्षा खुशाल, म्हणजे सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते, जे आमच्याबद्दल म्हणता येणार नाही. तुझा खुबा कसा आहे? लिफ्ट दुरुस्त झाली का, की अजून पाच मजले चढतेस? बर्गनला पाऊस पडतोय का असं विचारत नाही, उगाच शाई कशाला घालवा. खरं तर फोनच केला असता, पण हा विषय निघाला की तुझ्या फोनची बॅटरी संपते, हे मी तीन वेळा पाहिलंय. म्हणून पत्र. आलेलं पत्र न वाचता टाकणं अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईच्या हातून व्हायचं नाही, एवढा मला भरवसा आहे.

म्युझियमचा फॉर्म मिळाला. तुझी सही पाहिली. पंचाहत्तरीतही अक्षर काय आहे, वा! माझी सही हवी तिथं तू पिवळी चिठ्ठी डकवलीस, तिच्यावर बाण काढलास आणि बाणाशेजारी ‘इथे’ असंही लिहिलंस, म्हणजे मी फॉर्मच्या मागच्या बाजूला सही करीन अशी तुला धास्ती असावी. बाबांची दुधाची गाडी निम्मी तुझी आणि निम्मी माझी, त्यामुळे दोघांच्या सह्यांशिवाय डागरोस जागची हलणार नाही. आणि दहा तारखेच्या आत फॉर्म पोचला नाही तर काचेच्या नव्या दालनात तिच्या जागी कुठलंसं बटाटे काढायचं यंत्र उभं राहील, हेही समजलं. सोबतचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. टाकी रिकामी करणार, बॅटरी काढून घेणार, चाकांखाली ठोकळे लावणार, भोवती लाल दोरी, आणि स्टिअरिंगमागे मेणाचे बाबा. ताई, मेणाचे! टोपीसकट! जिवंतपणी तो माणूस एका जागी पाच मिनिटं बसला नाही, कॉफीसुद्धा उभ्यानं प्यायचा, आणि आता त्यांना कायमचं बसवून वर दिवा सोडणार. तुझं म्हणणं असं की गाडी जपली जाईल, बाबांचं नाव पाटीवर लागेल आणि मी तिच्याखाली चिरडून मरणार नाही. तिन्ही मुद्दे रास्त आहेत. तिसऱ्यावर तर हाल्डिसनं टाळ्या वाजवल्या.

पण तू पुढं विचारलंयस, ‘त्या गंजक्या लोखंडात तुला मिळतं तरी काय?’ याचं उत्तर द्यायला मी चार दिवस घेतले. पहिल्या दोन वर्षांत मला सर्दी मिळाली. कोठारात उणे बेचाळीस अंशांत (हाल्डिस म्हणते पाच) गाडीखाली पडून राहिलं की पाठीतून जी थंडी चढते ती मे महिन्यापर्यंत उतरत नाही. मग दाराची मूठ मिळाली. तिच्यासाठी सीमेपलीकडच्या एका स्वीडिश म्हाताऱ्याशी दीड वर्ष पत्रव्यवहार केला. त्याला मूठ द्यायची नव्हतीच, कुणीतरी मागतंय यातच त्याला सुख होतं. शेवटी हाल्डिसचं तपकिरी चीज घेऊन गेलो तेव्हा पाघळला. घरी येऊन मूठ बसवली, दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. असं मी जेवायची वेळ टळेपर्यंत करत होतो. आता सांग, नव्या गाडीचं दार कुणी असं उघडमीट करतं का? हाल्डिसच्या नव्या गाडीला माझी गरज नाही. ती स्वतःच दिवे लावते, स्वतःच वायपर फिरवते, आणि पट्टा लावला नाही की मलाच झापते. डागरोसला मी लागतो. तिचा क्लच दोनदा दाबल्याशिवाय ती गियर घेत नाही, कान न देता दाबला तर तेव्हाही घेत नाही. आधी तिचा आवाज कानानं ऐकायचा, मग पाठीनं, मग कुठं हातानं. या वयात आपलं कुणी ऐकत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. पण आपण कुणाचं इतकं कान देऊन ऐकावं असंही फारसं उरलेलं नसतं. शिवाय पस्तीसच्या वेगानं जाताना दिसेल ते ओळखू येतं. कुणाच्या सफरचंदांना कीड लागलीय, कुणाच्या दाराशी नव्या जावयाचे बूट आहेत, सगळं कळतं. आणि लोक हात करतात. तुझ्या भावाला अडुसष्टाव्या वर्षी लोक हात करायला लागले, याचा तुला आनंद व्हायला हवा.

तर सही करण्याआधी मी ठरवलं, की डागरोसला एकदा तिच्या जुन्या दूधमार्गावरून शेवटचं फिरवून आणायचं. खालच्या डेअरीपासून वर सोंद्रेच्या शेतापर्यंत, एकोणीस किलोमीटर जाऊन येऊन. (डेअरीत आता योगासनं शिकवतात. बाबांच्या पाठीला फार उपयोग झाला असता.) दुकानात चिठ्ठी लावली: ‘शनिवारी सकाळी डागरोसची शेवटची फेरी. हात हलवायला हरकत नाही.’ बस, एवढंच. हात हलवणं सोडून मी कुणाकडून काही मागितलं नव्हतं. पण आपल्या दरीतले लोक कसे आहेत हे मी विसरलो, आणि आयुष्यभर इथंच राहून विसरलो याची मला जास्त लाज वाटते.

शनिवारी हाल्डिसला शेजारी बसवून निघालो. रस्त्याकडेला दुधाचे कॅन ठेवायचे बावीस कट्टे होते, त्यांतले तेरा शिल्लक आहेत. पाहतो तर पहिल्याच कट्ट्यावर दुधाचा कॅन उभा. घासूनपुसून लख्ख केलेला, लाल रंगात शेताचा नंबर. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर दोन. मला वाटलं, लोकांनी डागरोसच्या निरोपासाठी सजावट केलीय. हाल्डिसला म्हटलं, “बघ, केवढं प्रेम!” ती म्हणाली, “समोर बघ.” बाबांच्या पद्धतीप्रमाणे जाताना मोकळं जायचं आणि येताना कॅन उचलायचे, म्हणून मी नुसता भोंगा वाजवत, डोळे पुसत पुढं निघालो.

पाद्रीच्या वळणाशी डोळे पुसणं अंगाशी आलं. चढ तुला माहीत आहे. मी ऐन मध्यावर दुसरा गियर टाकायला गेलो आणि डागरोसनं असा काही खरखराट केला की समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. गाडी थांबली. मग मागं जायला लागली. हाल्डिस दार उघडून उतरली (चालत्या गाडीतून, चौसष्टाव्या वर्षी!) आणि मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारून परत येऊन बसली. नवऱ्यावर विश्वास नसण्याचे असे फायदे असतात. एवढ्यात कुंपणापाशी कोण? बिर्गिट. चौऱ्याऐंशी वर्षांची, हातात कुबडी, पण कुबडीचा उपयोग फक्त दाखवण्यासाठी. मला वाटलं, विचारेल, लागलं का रे, घाबरलास का. तिनं केबिनमध्ये डोकावून विचारलं, “गुनवोर कुठंय?”

मी म्हटलं, बर्गनला.

“मग गाडी कोण चालवतंय?”

आता ताई, मी स्टिअरिंगमागे बसलो होतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी म्हटलं, “बिर्गिट, मी तोरमोड. आठ वर्षं तुझं दूध मी नेलंय.” ती म्हणाली, “हो, तू पण होतास.” आणि मग कुबडीनं खालचा पूल दाखवून मला शिकवायला लागली. म्हणे, “गुनवोर दुसरा गियर तिथं पुलावरच टाकायची. चढ लागायच्या आधी. आणि मग देवाचं नाव घेतल्यासारखी गप्प बसायची. वर येईतोवर गियरला हात लावायची नाही.” मी मागं पुलापर्यंत गेलो, तिथंच दुसरा टाकला, आणि डागरोस गुरगुरत, एकदाही न अडखळता वर चढली. बिर्गिटनं हात केला. माझ्याकडे बघून नाही. गियरच्या दांड्याकडे बघून.

त्यानंतर प्रत्येक कट्ट्यावर तेच. छप्पन सालच्या हिवाळ्यात बाबांचा पाय मोडला आणि तू एकोणीस वर्षांची असताना सात आठवडे हा मार्ग चालवलास. सात आठवडे! मी आठ वर्षं चालवला, शेवटी टँकर येऊन कॅन बंद होईपर्यंत, आणि मी आठवतो फक्त एकदा दूध सांडलं म्हणून. एका कट्ट्यावर तर म्हातारबाबांनी माझ्याशी हात मिळवून विचारलं, “तू तिचा नवरा का?”

वर सोंद्रे त्याच्या कट्ट्यापाशी सातपासून उभा होता. एक्क्याण्णव वर्षांचा, रविवारचं जाकीट घालून, शेजारी बावीस नंबरचा कॅन. त्यानं आधी मला पाहिलं, मग हाल्डिसला पाहिलं, आणि म्हणाला, “ही गुनवोर नाही.” मी म्हटलं, ही माझी बायको. “ते दिसतंच आहे,” म्हणाला, आणि कॅनवर हात ठेवून उभा राहिला. द्यायला तयार नाही! हाल्डिसनं उतरून त्याला वॅफल दिलं तेव्हा कुठं सोडला. आणि मग वॅफल खाता खाता त्यानं एक गोष्ट सांगितली. ती शेवटी सांगतो, कारण ती आत्ता सांगितली तर माझ्यानं विनोद करवणार नाही, आणि पोलिसाचा प्रसंग तुला सांगायचाच आहे.

उतरताना कॅन उचलायला लागलो तेव्हा कळलं की सजावट नव्हती. प्रत्येक कॅनच्या कडीत चिठ्ठी! जुन्या रिवाजाप्रमाणे, दूधवाल्यानं खालून काय आणायचं त्याची यादी. बिर्गिटला दोन यीस्ट, जाड दळलेली कॉफी, आणि दंतवैद्याकडे विचारून यायचं होतं की दात तयार झाले का. कुणाला चष्म्याचा स्क्रू, कुणाला लोकर, ‘मागच्या वेळसारखी निळी’. (मागची वेळ म्हणजे त्र्याहत्तर साल. निळी कुठली ते मला कसं आठवावं? पण दुकानातल्या बाईला आठवली.) मी बिर्गिटला म्हटलं, अगं, गंमत म्हणून फेरी आहे ही. ती म्हणाली, “यीस्ट गंमत म्हणून येत नाही. मला रविवारी पाव भाजायचाय.” आणि कुबडीसकट हौद्यात चढून बसली. तिच्यामागून आणखी सहाजणी चढल्या. का, तर पूर्वी गाडीतून खाली जाता यायचं.

पुढच्या वळणावर पोलीस. नऊ नंबरच्या शेतातला ईवार, आता मोठा अधिकारी झालाय. हात वर करून थांबवलं. म्हणाला, “तोरमोडकाका, हौद्यात माणसं बसवायला बंदी आहे.” बिर्गिट मागून ओरडली, “तुझ्या आईला बाळंतपणाला याच हौद्यातून नेलं, तेव्हा कुठं होतास?” ईवार शांतपणे म्हणाला, “तेव्हा मी हौद्यातच होतो, आजी. आईच्या पोटात.” (त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. बर्फात. हे कुणालाही आठवलं नाही.) ईवारनं जरा विचार केला, मग आपली गाडी कडेला लावून म्हणाला, “पोलीस बरोबर असेल तर ही मिरवणूक होते.” आणि चढून बसला. बसला कशावर? सोंद्रेच्या बावीस नंबरच्या कॅनवर. त्यावर चिठ्ठी होती, ‘मेहुण्याला द्यावा, डुकरांसाठी मठ्ठा, फार हलवू नये’. सगळ्या दरीला ठाऊक आहे की सोंद्रेकडे सत्तर सालापासून गाई नाहीत आणि त्याच्या मेहुण्याकडे डुकरं कधीच नव्हती. वळणावर झाकण जरा हललं आणि असा हातभट्टीचा वास सुटला की हौद्यातल्या सातही बायकांनी एकदम खोकायला सुरुवात केली. ईवारनं लांब श्वास घेतला. “मठ्ठा चांगला आंबलाय,” म्हणाला, आणि डेअरीपर्यंत कॅन हलू नये म्हणून घट्ट बसून राहिला. सरकारी नोकरी इतकी चोख बजावणारा माणूस मी पाहिला नाही.

दुकानातून सगळं सामान घेतलं, बिर्गिटचे दात घेतले, आणि परत सोंद्रेपर्यंत वर, ज्याचं त्याला पोचवत. पाद्रीच्या वळणावर पुलावरच दुसरा टाकला. गप्प बसलो. चढली.

आता सोंद्रेची गोष्ट. सहासष्ट साली बाबा निवृत्त झाले तेव्हा सोंद्रेनं दारोदार हिंडून एक अर्ज लिहवून घेतला होता. बावीसही शेतांच्या सह्या. ‘आमच्या दुधासाठी गुनवोरला बोलवा. तिनं बर्फात बेचाळीस फेऱ्या केल्या आणि एक चुकवली नाही.’ डेअरीच्या मॅनेजरनं अर्ज खणात टाकला. बाईमाणूस कॅन उचलताना बरं दिसत नाही, म्हणे. मला हा अर्ज परवापर्यंत ठाऊक नव्हता, ताई, बाबांची शपथ. पण दुसरी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी तुला कधी सांगितली नाही. मॅनेजरनं मला बोलावलं तेव्हा विचारलं होतं, “तुझ्या बहिणीला तर ही जागा नकोय ना?” मी म्हटलं, “नाही, तिला बर्गन आवडतं.” मी तुला विचारलंच नव्हतं. तू पोस्टाच्या खिडकीत बसून दर पत्रात विचारायचीस, डागरोस कशी आहे, आणि मी लिहायचो, मजेत. मला गाडी हवी होती गं. एवढंच कारण. खाणीच्या मैदानात मला क्लच दोनदा दाबायला तूच शिकवलंस, आणि मी त्या शिकवणीवर तुझीच जागा घेतली. तू माझ्यापेक्षा चांगली ड्रायव्हर होतीस. हे वाक्य लिहायला मला सेहेचाळीस वर्षं लागली, आणि ते लिहून झाल्यावर मी उठून कॉफी पिऊन आलो. उभ्यानंच.

म्हणून मला वाटतं, तुला डागरोस दोरीमागं का हवी आहे ते मला थोडं कळतं. जी गाडी आपल्याला चालवू दिली नाही ती निदान इतरांनीही चालवू नये. तसं असेल तर माझी तक्रार नाही. नसेल तर म्हाताऱ्या भावाचा आगाऊपणा म्हणून सोडून दे.

बाकी सर्व ठीक. हाल्डिसचा नमस्कार. खुब्याला जप, जिना सावकाश चढ.

तुझा,
तोरमोड

ता. क. फॉर्म सोबत आहे. बाण दाखवला होतास तिथंच सही केलीय. पाकिटावर तिकीट लावून म्युझियमचा पत्ताही घातलाय. एकदा तुझ्या वतीनं मी परस्पर उत्तर दिलं, आता दुसऱ्यांदा देणार नाही. टाकायचं की नाही ते तू ठरव.

ता. क. २. फेरी शेवटची होती असं मी लोकांना तीनदा सांगितलं. तरी कट्ट्यांवर चिठ्ठ्या येताहेत. आजपर्यंत नऊ. सगळ्यांवर वर तुझं नाव आहे. येत्या शनिवारी सोंद्रे पुन्हा सातपासून उभा राहणार आहे. तुझा जड गाडीचा परवाना तू अजून नव्यानं करून घेत असतेस, हे तुझ्या शेजारणीनं हाल्डिसला फोनवर सांगितलं. आम्हाला काही बोलली नाहीस. कशासाठी गं, पाचव्या मजल्यावर?

ता. क. ३. रागावू नकोस, पण काल मी ड्रायव्हरची सीट उखडून तुझ्या उंचीला बेतेल अशी पुढं सरकवली आणि नवीन भोकं पाडून पक्की ठोकली. आता माझे गुडघे स्टिअरिंगला अडतात, क्लच दाबता येत नाही. हाल्डिसनंही बसून पाहिलं, तिलाही जमत नाही. शुक्रवारच्या गाडीनं निघ.